दोन वर्षांचा कोर्स आणि एकविसावा वाढदिवस

पत्राचा सारांश: डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहणाऱ्या आईचे हे पत्र आहे. मुलगा १८ वर्षांचा असून दोन वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर पुण्याहून अमेरिकेत आला. यंदा त्याचे हायस्कूल संपले. एका राज्य विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळालेला असताना तो म्हणतो, की मला तिथे जायचे नाही. आपल्या काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा कोर्स करून थेट कामाला लागायचे आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात तो चार वर्षे मशिनवर सुटे भाग तयार करण्यात रमला. गणितात मात्र ‘कसाबसा’ पास होत आला. वडील पुण्याच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा आणि मग पदवी करून वाहन उद्योगात इंजिनिअर झालेले. ‘एवढ्यासाठी आलो का आपण इथे?’ असे विचारून त्यांनी या विषयावर बोलणे थांबवले आहे. आईचा प्रश्न असा, की मुलाचे ऐकावे की वडिलांचे. आणि मंडळाच्या गणपतीत कोणी विचारले तर काय सांगावे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत, की ज्या तुम्ही सहज लिहून पुढे गेलात आणि मी मात्र तिथेच थांबलो. पहिली म्हणजे त्या अॅल्युमिनियमच्या प्लेटी. रोबोच्या चाकाचे बेअरिंग बसवण्यासाठी तुमच्या मुलाने एक प्लेट केली, तिचे भोक मोठे झाले, दुसरी केली, तीही बिघडली, तिसरीही गेली, चौथी जमली, आणि बिघडलेल्या तिन्ही त्याने टाकून न देता टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. दुसरी गोष्ट तुम्ही कंसात, अर्ध्या ओळीत लिहिली आहे: ‘ग्रीन कार्डची फाइल अजून रांगेतच आहे.’ मुलाचा कल समजायला मला पहिली गोष्ट उपयोगी पडली, पण निर्णय दुसरीने ठरणार आहे. ती कंसातून बाहेर काढावी लागेल. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण आधी तुमच्या घरात ज्या मुद्द्यांवर अबोला धरला गेला आहे, ते बाजूला करणे आवश्यक आहे.

‘कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही त्यांची जागा’ हे वाक्य तुम्ही यजमानांच्या तोंडचे म्हणून लिहिले आहे, पण ते तुम्हालाही थोडेफार पटते असे पत्राच्या सुरावरून वाटते. इलिनॉयमधील जोलिएट येथे १९०१ मध्ये अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले ते मुळी विद्यापीठाची पहिली दोन वर्षे गावातच शिकता यावीत म्हणून. आज तिथे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणारी हुशार मुले असतात, कारखान्यातली दुसरी पाळी संपवून येणारे चाळिशीतले कामगार असतात, आणि खर्चाचा हिशेब नीट मांडणारी कुटुंबेही असतात. २०२४-२५ या वर्षात सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजची सरासरी वार्षिक फी सुमारे ४,०५० डॉलर होती. स्वतःच्याच राज्यातील सार्वजनिक विद्यापीठाची सुमारे ११,६१० डॉलर, राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. प्रवेश कोणालाही मिळतो हे खरे. त्यामुळे तिथे टिकून राहणे अवघड जाते, हेही तितकेच खरे, आणि यजमानांची काळजी या बाबतीत अनाठायी नाही: अशा कॉलेजांत शिरणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विद्यार्थी पुढे चार वर्षांच्या संस्थेत जातात, आणि गेलेल्यांपैकी साधारण निम्मेच सहा वर्षांच्या आत पदवी मिळवतात. दार सताड उघडे असले, की त्यातून बाहेर पडणेही सोपे असते.

आता ‘इंजिनिअरिंग’ आणि ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ यांतला फरक. यजमान दुसऱ्याला पहिल्याची स्वस्त आवृत्ती मानतात. मुलगा, उलट, दुसऱ्याला पुस्तकांपासून सुटका मानतो. दोघांचीही समजूत अर्धवट आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीत कॅल्क्युलसचे तीन भाग, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि त्यांवर उभे असलेले भौतिकशास्त्र असते. तिथे भर असतो तो नवे काही आखण्यावर. टेक्नॉलॉजीत गणित बहुतांश बीजगणित आणि त्रिकोणमितीच्या पातळीवर चालते आणि भर असतो तो आखलेली वस्तू दिलेल्या मापात, दिलेल्या खर्चात, हजार वेळा तशीच कशी निघेल यावर: ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ती मर्यादा) समजणे, मोजमाप, सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या मशिनचे) प्रोग्रॅमिंग, जिग-फिक्श्चर (काम पक्के धरून ठेवणारे साचे), पीएलसी (मशिन चालवणारा छोटा संगणक), रोबो, गुणवत्तेचे संख्याशास्त्र.

हे काम बिनडोक नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. फार वर्षांपूर्वी भोसरीतील एका छोट्या टूलरूममध्ये मी शिकाऊ म्हणून होतो. मे महिना होता. १०० मिलिमीटर व्यासाचा एक पोलादी शाफ्ट लेथवर उतरवून मी तसाच मायक्रोमीटर लावला, माप अगदी बरोबर आले, आणि मी ऐटीत जेवायला गेलो. परत आलो तर तोच शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरने बारीक भरला. आमचे मिस्त्री सातवी शिकलेले. त्यांनी शाफ्टवर तळहात ठेवला आणि विचारले, ‘मघाशी हात लावून बघितला होता का?’ कटिंगने तापलेला जॉब फुगलेला होता. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला, की सुमारे २३ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो, आणि म्हणूनच जगभर मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेले आहे. मिस्त्रींना हे हाताने ठाऊक होते, पुढे मला ते सूत्राने कळले. तुमच्या मुलाने निवडलेला विषय नेमका या दोन जाणिवांच्या मधला आहे. अॅल्युमिनियम तर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्याच्या त्या तीन प्लेटींपैकी एखादीचे भोक कशामुळे मोठे झाले, टूल थरथरले, प्लेट नीट धरली गेली नव्हती, की गरम असतानाच मोजल्यामुळे ते नुसते मोठे भासले, हे त्याने शोधून काढले आहे का, ते त्याला जरूर विचारा. उत्तर काय येते यापेक्षा तो किती वेळ बोलत राहतो ते पाहा.

यजमानांविषयी थोडे जपून लिहितो. त्यांनी दहावीनंतर डिप्लोमा केला आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे मुलगा ज्या वाटेचे नाव काढतो आहे, तिच्या पुणेरी आवृत्तीवरून ते स्वतः चालून आलेले आहेत. मग सर्वांत कडवा विरोध त्यांचाच का? माझा अंदाज चुकीचा असू शकेल. परंतु ज्यांना ऐन विशीत वर्गात आणि नंतर ऑफिसात ‘हा डिप्लोमावाला’ हे शब्द कानावर घ्यावे लागले, त्यांना आपल्या मुलाच्या वाट्याला ते येऊ नयेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ‘तुम्हीही तेच केले होते ना?’ असे भांडणात म्हणू नका. त्याऐवजी त्या वर्षांबद्दल मुलाला सांगायला त्यांना सांगा. एक बारीकसा मुद्दाही त्यांच्या कानावर घाला: शेजारच्या इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठ, ज्याचे नाव ते आदराने घेत असतील, आपल्या तंत्रज्ञान शाखेच्या कॉलेजला आज ‘पॉलिटेक्निक’ म्हणते.

त्यांचा दुसरा आक्षेप, की ‘इथले कारखाने संपले’, हा डेट्रॉइटमध्ये राहणाऱ्या माणसाने घेतलेला असल्यामुळे मी तो झटकून टाकणार नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत उत्पादन क्षेत्रात सुमारे १ कोटी ९५ लाख नोकऱ्या होत्या, २०१० च्या सुमारास त्या १ कोटी १५ लाखांपर्यंत घसरल्या, आणि आता सव्वा कोटीच्या थोड्या वर आहेत. २००९ मध्ये क्रायसलर आणि जनरल मोटर्स यांनी एकामागोमाग दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा त्यांना माल पुरवणाऱ्या कितीतरी लहान टूल-अँड-डायच्या (हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या) दुकानांची शटर कायमची खाली आली. हा धंदा हेलकावे खाणारा आहे आणि पुढेही खाईल. मात्र ज्या नोकऱ्या उरल्या, त्यांत नुसते बटण दाबणाऱ्याची जागा कमी होत गेली आणि सेटिंग करणारा, प्रोग्रॅम लिहिणारा, बंद पडलेली लाइन चालू करणारा यांची किंमत टिकून राहिली.

आता त्या कंसातल्या ओळीकडे येतो.

मुलगा दोन वर्षांचा असताना आला आणि फाइल रांगेत आहे, याचा अर्थ तो बहुधा वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आहे. तसे असेल, तर तो २१ वर्षांचा झाला, की हा आधार संपतो. वयाच्या गणनेतून अर्ज प्रलंबित राहिल्याचे काही दिवस वजा करण्याची तरतूद २००२ च्या कायद्यात आहे, पण भारतीयांच्या रांगेची लांबी पाहता तिच्यावर विसंबू नये. इमिग्रेशनच्या वकिलाकडून तुमच्या फाइलचा नेमका हिशेब लेखी मागून घ्या. आधार संपल्यावर शिक्षण चालू ठेवायचे तर त्याला विद्यार्थ्याचा एफ-१ दर्जा घ्यावा लागेल, आणि तो अर्ज वाढदिवसाच्या तोंडावर न करता बरेच महिने आधी करावा लागेल.

याचे मुलाच्या योजनेवर परिणाम कोणते? एच-४ वर असलेल्या मुलाला शिकता येते, पण नोकरी करता येत नाही. या व्हिसावर कामाचा परवाना मिळतो तो काही अटींवर जोडीदाराला, मुलांना नाही. त्यामुळे ‘शिकता शिकता कारखान्यात पगारी काम’ ही या कोर्सची सर्वांत मोठी गंमत त्याला सुरुवातीला मिळणारच नाही. सरकारी आर्थिक मदतही नाही. समजा त्याने २० व्या वर्षी दोन वर्षांची पदवी पूर्ण केली. एच-४ वर ती हातात असूनही त्याला कामाला लागता येणार नाही. एफ-१ घेऊन ती पूर्ण केली, तर त्या पातळीवर १२ महिन्यांचा कामाचा परवाना मिळू शकतो, आणि तिथे वाट थांबते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ बॅचलर किंवा त्यावरच्या पदवीलाच मिळते. एच-१बी साठीही सर्वसाधारणपणे निदान बॅचलर पदवी लागते. म्हणजे जो कोर्स अमेरिकन नागरिक असलेल्या त्याच्या रोबोटिक्सच्या मित्राला वीस वर्षांचा असताना थेट पगारापर्यंत नेईल, तोच कोर्स तुमच्या मुलाला वीस वर्षांचा असताना बंद भिंतीपाशी नेऊन सोडील. दोघांची बुद्धी सारखी, हात सारखे, फक्त कागद वेगळे. मुलाला हे कोणी सांगितले आहे का? पत्रावरून तसे दिसत नाही. ‘एवढ्यासाठी आलो का आपण इथे?’ या प्रश्नाऐवजी वडिलांनी त्याच्यासमोर हा हिशेब मांडला, तर वाद विषयावरून उठून तारखांवर येईल; आणि तारखांवर भांडता येत नाही, त्यांची तजवीज करावी लागते.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो: मुलाचा विषय योग्य आहे, कॉलेजही चालेल, त्याने ठरवलेला शेवट मात्र बदलला पाहिजे. त्याच्या बाबतीत दोन वर्षांची पदवी ही पहिली पायरी म्हणूनच घ्यावी आणि बॅचलर पदवी पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावी.

इथे एक तांत्रिक बाब आहे, जिच्यावर पुष्कळ कुटुंबे ठेचकाळतात. कम्युनिटी कॉलेजात एकाच मजल्यावर दोन वेगळ्या पदव्या मिळतात. ‘असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स’ ही नोकरीसाठी रचलेली असते. तिच्यातील मशिनिंगचे किंवा तांत्रिक गणिताचे क्रेडिट दुसरे विद्यापीठ मान्य करीलच असे नाही. ‘असोसिएट ऑफ सायन्स’ ही पुढे जाण्यासाठी रचलेली असते. महाराष्ट्रात डिप्लोमाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी राज्यभर एकच पद्धत आहे. इथे मात्र हे कॉलेजा-कॉलेजांमधील करारांवर चालते. त्यामुळे ‘ट्रान्सफर होते हो’ या काउन्सेलरच्या तोंडी आश्वासनावर न थांबता, कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या पदवीत कोणते क्रेडिट धरले जातील, याचा आर्टिक्युलेशन करार कागदावर मागून घ्या. तुमच्याच राज्यात बिग रॅपिड्स येथील फेरिस स्टेट विद्यापीठात मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची बॅचलर पदवी आहे; चौकशीची सुरुवात तिथून करा. पदवीला अॅबेटची (अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे का आणि ती इंजिनिअरिंगच्या आयोगाची आहे की टेक्नॉलॉजीच्या, हे दोन्ही विचारा, कारण पुढे व्यावसायिक परवाना घ्यायचा झाल्यास काही राज्ये हा फरक करतात. कारखान्यांतल्या बहुतेक कामांना तो परवाना लागत नाही. त्या पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) २४ महिन्यांच्या वाढीच्या यादीत आहे ना, तेवढेही पाहून ठेवा.

आणि गणित? ‘मला थिअरी नको, हातांनी काम करायचे आहे’ असे तो म्हणतो, तेव्हा तो कशाकडे ओढला जातो आहे आणि कशापासून पळतो आहे, हे त्याचे त्याला तपासू द्या. माझी सूचना अशी, की पहिल्या सहामाहीत त्याने मशिनिंग आणि मोजमापाच्या विषयांबरोबर, पातळी चाचणीत बसत असेल तर कॅल्क्युलस, नाही तर त्याच्या आधीचा गणिताचा वर्ग, असे दोन्ही घ्यावे. कम्युनिटी कॉलेजात गणिताचा वर्ग बहुधा लहान असतो, शिक्षकाला नावाने ओळखता येते, आणि ज्या त्रिकोणमितीने शाळेत छळले, तिचा उपयोग साइन बारवर (कोन अचूक लावण्याच्या साधनावर) कोन लावताना डोळ्यांसमोर दिसतो. जमले, तर इंजिनिअरिंगचे दारही उघडे राहील. नाही जमले, तर टेक्नॉलॉजीची बॅचलर पदवी आहेच. चार वर्षांच्या विद्यापीठातला प्रवेश लगेच नाकारू नका. तो पुढे ढकलता येतो का ते विचारा, आणि तिथेच याच विषयाची पदवी आहे का तेही पाहा. असेल, तर निम्मे भांडण आपोआप मिटेल.

ज्या वाचकांची मुले नागरिक आहेत किंवा ज्यांना ग्रीन कार्ड मिळाले आहे, त्यांच्यासाठी गणित बरेच सोपे आहे. त्यांच्या मुलांनी पगारी प्रशिक्षणाची वाट आधी पाहावी. केंटकीतील जॉर्जटाउन येथे टोयोटाने २०१० मध्ये सुरू केलेल्या आणि आता अनेक राज्यांत पसरलेल्या ‘फेम’ या योजनेत विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात आणि तीन दिवस कारखान्यात असतो, आणि पाच सहामाह्यांत पदवी घेतो. पैशाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत: २०२३ च्या सरकारी आकड्यांत मेकॅनिकल आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरचे मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) वार्षिक वेतन ९९ हजार डॉलरच्या आसपास होते, तर त्याच क्षेत्रांतील टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियनचे ६० ते ६५ हजारांच्या दरम्यान. लवकर सुरू होणारा पगार आणि नसलेले कर्ज हा फरक काही वर्षे झाकतात, कायमचा नाही. ज्याला पुढे पदवी घ्यायची आहे, त्याने कंपनी फी भरते का हे नोकरी धरतानाच विचारावे.

गणपतीत काय सांगायचे, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे. ‘मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी करतो आहे, पहिली दोन वर्षे इथेच’ एवढे सांगा आणि समोरच्याला मोदक द्या. तिथल्या दहा काकांपैकी चार जण स्वतः डिप्लोमा करून आलेले निघतील, आणि त्यांतला एखादा तुमच्या मुलाला बाजूला घेऊन लेथच्या गोष्टी सांगत बसेल.

आता कामाचे. वकिलाची भेट या आठवड्यात ठरवा, ती सर्वांत आधी. त्यानंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसा नव्हे, संध्याकाळी जा; त्या वेळी कामावरून आलेले विद्यार्थी असतात आणि मशिन खरोखर चालू असतात की धूळ खात पडलेली आहेत हे दिसते. वर्गाबाहेरच्या वेळात मशिन वापरू देतात का, गेल्या वर्षी बाहेर पडलेले विद्यार्थी कुठे आहेत, शिकवणाऱ्याने स्वतः किती वर्षे कारखान्यात काढली, हे विचारा. यजमानांना बरोबर घ्या. ते काही बोलणार नसतील तरी चालेल, मशिनपाशी उभे राहिल्यावर त्यांना राहवणार नाही. आणि मुलाला खणातल्या त्या तीन बिघडलेल्या प्लेटी खिशात घालून आणायला सांगा. शिकवणाऱ्याच्या हातात त्या दिल्यावर त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला, तेवढे मला पुढच्या पत्रात जरूर कळवा.